शेवंतीच्या मरणाचा अर्ज

५ जानेवारी
चार दिवस झाले, धुकं हटायला तयार नाही. रामघाटाच्या पायऱ्यांवरून समोरची नावसुद्धा दिसत नाही. त्यात आज शेवंतीने चारा टाकला. नाक वाहतंय, अंगावर काटा, आणि खोकते कशी तर म्हाताऱ्या माणसासारखी. माझ्या आजोबांपासून गल्लीतल्या महादेवाच्या अभिषेकाला आमच्याच गोठ्यातलं दूध जातं. तिची लेक मैना पहिलटकरीण, अजून गाभण आहे. म्हणजे शेवंती आडवी झाली की देव उपाशी.

बायको, शरदिनी, म्हणाली, "मुक्ताला बोलवा." ही डॉ. मुक्ता गावंडे, इथल्या धर्मादाय ट्रस्टच्या पशुदवाखान्यात असते. मूळची अकोल्याची, नवरा रेल्वेत. मुलखापासून इतक्या दूर इथे मराठी बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी उरली, म्हणून तिला गौरीच्या जेवणालाही बोलावलं होतं. तासाभरात आली पोर. कानात नळ्या घालून शेवंतीच्या बरगड्यांवर बराच वेळ ऐकत बसली. म्हणाली, "काका, छातीत जंतूंचा संसर्ग आहे, पण लवकर बोलावलंत. पाच दिवस रोज एक इंजेक्शन. तोवर आणि त्यानंतरही थोडे दिवस दूध देवाला नाही, घरात नाही. आणि तोंडात जबरदस्तीने काहीही ओतायचं नाही बरं. आपणहून पिईल तेवढंच."

पोर हुशार आहे. आपल्यातली नाही, पण मराठी तर आहे.

७ जानेवारी
शेवंतीने आज हिरवा चारा खाल्ला, ताप उतरला. मीही काही अडाणी नाही, हात लावून कळतं मला. अभिषेकाला मात्र पिशवीतलं दूध न्यावं लागलं. देवळात यज्ञेश पुजारी पिशवीकडे बघून गालातल्या गालात हसला. माझे डोळे अजून शाबूत आहेत.

८ जानेवारी
तिसऱ्या इंजेक्शननंतर मुक्ताला सांगून टाकलं, पुरे आता. संक्रांतीला घरचं दूध पाहिजे. सुई थांबली की दूध लवकर शुद्ध होईल, साधा हिशेब आहे. तर म्हणते, "अर्धवट सोडलं तर उलटतं काका. बरं वाटून राहिलं म्हणजे बरं झालं असं नसतं." मी म्हटलं, बाई गं, एकाहत्तर वर्षं गाईंच्या शेणामुतात काढली आहेत. तिने पेटी बंद केली. जाताना शरदिनीपाशी काहीतरी कुजबुजली. मला या कुजबुजीची मनस्वी चीड आहे.

९ जानेवारी
थोडा खोकला उरलाय. त्याला घरचा उपाय आहेच. अडुळशाची पानं, ओवा, मिरी, गूळ आणि वरून गरम तूप. वडील हाच काढा द्यायचे. शेवंतीची मान वर ओढून दोर कडीला बांधला आणि बांबूच्या नळीने, इथले गवळी जिला ढरका म्हणतात तिने, दोन पेले घशात सोडले. शरदिनीने बाजूला उभं राहून तिला धरायचं होतं, तर ही मागे सरून म्हणाली, "मुक्ता नको म्हणाली होती ना?" मी म्हटलं, ती औषधाला नको म्हणाली. काढा म्हणजे औषध थोडंच आहे? घरातलं आहे.

पाजताना शेवंती जोरात ठसकली. नाकातून थोडा काढा बाहेर आला. कफ सुटायला लागला, चांगलं लक्षण आहे.

१० जानेवारी
खोकला वाढला. म्हणजे काढा लागू पडला. आज तीन पेले.

११ जानेवारी
नाकातून फेस. पुन्हा ताप. त्या पोरीच्या इंजेक्शनांनीच काहीतरी बिघडवलंय, आता माझी खात्री पटत चालली आहे. सकाळ-संध्याकाळ काढा दिला. शेवंती नळी बघून मान फिरवते, पण आईबापांना मुलाच्या रडण्याकडे बघून चालत नाही.

१२ जानेवारी
शेवंती बसली ती उठेना. तोंड उघडं टाकून श्वास घेते, बरगड्या नुसत्या भात्यासारख्या. शरदिनीने मला न विचारता मुक्ताला फोन केला. आली ती धावतच. बघितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. मला विचारते कशी, गल्लीतल्या पाच माणसांसमोर: "काका, खरं सांगा. मधल्या दिवसांत तोंडाने काही औषध पाजलंत?"

मी म्हटलं, "औषध नाही दिलं."

शरदिनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती आत निघून गेली. मुक्ताने दोन इंजेक्शनं टोचली, शेवंतीच्या अंगावर स्वतःची शाल टाकली आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. आता काय उपयोग? आधी चुकायचं आणि मग शाल टाकायची.

१३ जानेवारी
सकाळी दहाच्या सुमाराला शेवंती गेली. मान माझ्या मांडीवर होती. माझ्या हयातीत या गोठ्यात अशी अकाली गाय गेलेली नाही. मी रडलो, लपवत नाही.

मुक्ता म्हणाली, पोस्टमार्टेम करायला हवं. एरवी मी गाईच्या अंगाला सुरी लावू दिली नसती. पण मीच म्हटलं, कर! होऊ दे सगळं कागदावर. तुझ्या हातून नको मात्र, तुमच्या मोठ्या डॉक्टरांना करू दे. पोरीने मान डोलावली. संध्याकाळी परत आली, दारात उभी राहून म्हणाली, "काका, थोडं बोलायचं होतं, आत येऊ?" मी दार तिच्या तोंडावर लावलं. नंतर कळलं, मागच्या दाराने शरदिनीला भेटून गेली.

बघून घेईन. असं तसं सोडणार नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. शरदिनीने तीळगूळ केला नाही. मीही विचारलं नाही.

१९ जानेवारी
अर्ज तयार झाला. ट्रस्टच्या अध्यक्षांना उद्देशून, अकरा कलमी. चाळीस वर्षं वेदपाठशाळेत व्याकरण शिकवलं, शब्द कुठे टोचावा हे मला नाही कळणार तर कुणाला? पहिलं कलम, रोग ओळखण्यात चूक. चौथं, गोमातेस निष्काळजीपणे सुया टोचणे. सातवं, वयोवृद्ध पशुपालकास जाहीर अपमानित करणे. हे सातवं लिहिताना हात जरा जोरात चालला, निब मोडलं.

गल्लीत फिरून सह्या गोळा केल्या. यज्ञेशनेही केली. काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही, गाय गेली एवढं ऐकलं आणि केली सही. एकवीस झाल्या. शिंदे घाटावरच्या दोन बटूंच्या अजून राहिल्या आहेत, उद्या गाठतो.

शरदिनीला म्हटलं, तूही कर. म्हणाली, "मला भांडी घासायची आहेत."

२४ जानेवारी
आज जे केलं ते इथे स्पष्ट लिहितो. मुक्ताची आई गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध रामघाटावर मराठी गुरुजींकडून व्हावं अशी पोरीची इच्छा. डिसेंबरातच मला विचारून ठेवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. आजची तिथी. तिचा भाऊ कुशल त्यासाठी अकोल्याहून आला.

मी सकाळी निरोप पाठवला की अंगात कणकण आहे. बाकीच्या तिघा गुरुजींना कालच सांगून ठेवलं होतं, जिच्या हातून गाय मेली तिच्या घरचं अन्न घ्याल तर माझ्या पंक्तीला बसू नका. तिघांनाही अचानक कामं निघाली.

वरच्या पायऱ्यांवरून बघत होतो. भाऊ-बहीण दर्भ, तीळ, केळीची पानं घेऊन दोन तास उभे. ती एकेकाला फोन लावते, कान देऊन ऐकते, ठेवते. भाऊ ओला पंचा नेसून कुडकुडत होता. शेवटी नावेत बसून मुन्शी घाटाकडे गेले. तिथे कुणा हिंदी पंड्याने पाचेक मिनिटांत उरकलं असेल. आईचं नावसुद्धा धड घेतलं नसेल त्याने.

गार गार वाटलं मला. बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या जास्त गेल्या. शरदिनीने ताटात वाढलं, पण स्वतः जेवली नाही. कुठून कळलं असेल तिला, कोण जाणे.

३० जानेवारी
पोस्टमार्टेमचा अहवाल आला, सोबत माझ्या अर्जावरून ट्रस्टने लावलेल्या चौकशीत मुक्ताने दिलेल्या जबाबाची प्रत. दोन्ही तीन तीनदा वाचले.

अहवालात काय लिहिलंय? दोन्ही फुप्फुसांत पू, आणि खालच्या भागांत ओव्याचे दाणे, पानांचा चोथा, तुपाचा अंश. वाचून मी उठून उभाच राहिलो. माझा काढा फुप्फुसापर्यंत पोचला होता! जिथे रोग तिथे औषध, आणखी काय पाहिजे? वडिलांचा काढा बरोबर जागी गेला, पण त्या पोरीच्या सुयांनी आधीच नासवलं होतं, मग एकटा काढा तरी काय करणार. शरदिनीला तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. तिने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, गाय फुप्फुसाने पिते का?" बायकांना शास्त्र समजावणं कठीण.

आणि जबाब तर त्याहून बहारदार. अहवाल हाताशी असताना पोरीने ओव्याचं अवाक्षर काढलेलं नाही. एवढंच लिहिलंय: 'पशुपालक वयस्कर असून त्यांचा गाईवर फार जीव होता. औषध अर्धवट सोडू नये आणि तोंडाने काही पाजू नये हे मी त्यांना एकदाच सांगितले, पुन्हा बजावायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले.' घ्या! स्वतःच्या सहीने कबुली. गुन्हेगार नाहीतर कोण लिहील असं? मी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली आणि अर्जाला बारावं कलम जोडून प्रत आजच ट्रस्टकडे पोचती केली.

४ फेब्रुवारी
जिंकलो. ट्रस्टने तिला काढून टाकलं. अध्यक्षांचा स्वतः फोन आला, "गुरुजी, तेवीस ब्राह्मणांच्या सह्या म्हटल्यावर आमचा काय इलाज?" महादेवाला बेल वाहून आलो.

५ फेब्रुवारी
मुक्ता आली होती. मला वाटलं भांडेल, रडेल. मी तयारच होतो, सगळी उत्तरं पाठ होती. ती ओट्यावर टेकली, मैनाच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सातवा चालू आहे ना? काका, माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेवा. हिला तोंडाने काही पाजू नका, बस. एवढंच सांगायला आले."

मी म्हटलं, नोकरी गेली तरी शिकवणी सुटली नाही का तुझी? ती उठली. आणि आमच्या सौभाग्यवतीने काय करावं? नारळ, खण आणून माझ्या देखत तिची ओटी भरली. वर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "आईचं राहिलं तुझ्या, ते मी विसरले नाही." माझ्या घरात माझ्याच शत्रूची ओटी! संतापाने माझे कान तापले.

१० फेब्रुवारी
मैना खोकते आहे.

सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टर नाही. कंपाउंडर बाकावर पाय पसरून ऊन खात बसलेला. म्हणतो, "गुरुजी, नए डाक्टर साहब होली के बाद आएंगे. पुरानी को तो आप ही लोगन हटवाए." लोक कसे तोंड वर करून बोलायला लागलेत आजकाल.

हरकत नाही. यावेळी सुया आड येणार नाहीत. निखळ काढा जाईल, पहिल्या दिवसापासून, आणि सगळ्या घाटाला दिसेल की चूक कुणाची होती. अडुळसा आणला, ओवा दुप्पट घेतला. मैनाला शेवंतीपेक्षा जास्त लागेल, दोन जीव आहेत. जुनी नळी कुठे सापडेना, गवळ्याकडून नवी करवून आणली.

गोठ्यात मान बांधायला गेलो तर शरदिनी दावणीला पाठ लावून उभी. चव्वेचाळीस वर्षांत ही बाई माझ्या वाटेत कधी उभी राहिली नव्हती. म्हणाली, "शेवंतीला तुम्ही मारलंत."

मी म्हटलं, जीभ आवर.

"तुम्ही मारलंत. तिच्या छातीत ओतलंत. त्या पोरीने मला त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, काकू, काकांना कळू देऊ नका, ते मोडून पडतील. तिने स्वतःची नोकरी जाऊ दिली आणि तुम्ही तिच्या आईच्या पिंडावरही सूड घेतलात. आता हिला हात लावायचा तर आधी माझी मान बांधा कडीला."

एवढा वेळ एका दमात ती कधी बोललेली मला आठवत नाही. मी तिला ढकलू शकलो असतो. ढकललं नाही. म्हटलं, बरं, आज राहू दे, नाहीतरी काढा मुरायचाच आहे. उद्या स्नान करून आलो की पाजीन. ती दावणीपासून हलली नाही.

मोडून पडतील म्हणे! मी? खोटारडी पोर. माझ्या बायकोच्या मनात विष कालवून ठेवलंय तिने. नोकरी घेतली ते फार कमी झालं.

११ फेब्रुवारी
स्नान, संध्या आटपून आठ वाजता घरी आलो. गोठा रिकामा. दावं नीट गुंडाळून खुंटीला लावलेलं. काढ्याचं भांडं घासून पालथं घातलेलं. देवघराच्या उंबऱ्यावर कागद: 'मैनाला घेऊन जाते. डाळ शिजवून ठेवली आहे, फोडणी तेवढी द्या.'

गल्लीत विचारलं तर यज्ञेशने अगदी चवीने सांगितलं. सातच्या सुमाराला शरदिनीकाकू गाईचं दावं धरून गल्ल्यांतून मैदागिनच्या चौकापर्यंत चालत गेल्या. तिथे छोटा ट्रक उभा होता. मुक्ता आणि तिचा नवरा. गाईला चढवायला फळी लावली होती, खाली पेंढा अंथरला होता. गेली ती रेल्वे कॉलनीत, मुक्ताच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात. म्हणजे माझी गाय, माझी बायको, दोन्ही शत्रूच्या घरी! वेदपाठी घराण्यात असं कधी झालं नसेल. भर गल्लीत माझी इभ्रत गेली आणि यज्ञेश बेट्याला किती आनंद झाला होता.

१२ फेब्रुवारी
अर्ज लिहायला बसलो. पोलीस चौकीत देणार. गाभण गाय पळवून नेणे, नोकरीवरून काढलेल्या डॉक्टरने बेकायदा उपचार करणे. तिला या शहरातूनच उठवीन, नवऱ्याच्या वरिष्ठांनाही लिहीन. चार कलमं झरझर उतरली. पाचव्यात आरोपींची नावं लिहायची होती. मुक्ताचं लिहिलं. दुसरं लिहायला पेन टेकवलं आणि तिथेच बसून राहिलो. शाई पसरून मोठा डाग पडला, तो कागद वाया गेला. उद्या नव्याने लिहीन.

डाळीला फोडणी दिली. हिंग जास्त पडला.

१५ फेब्रुवारी
महाशिवरात्र. पिशवीतल्या दुधाने अभिषेक केला. रुद्र म्हणताना चौथ्या अनुवाकात अडखळलो. आयुष्यात पहिल्यांदा. मागून कुणीतरी पुढचा शब्द सांगितला. कोण होतं ते वळून बघितलं नाही.

अर्ज अजून दिलेला नाही. घाई नाही. मनात एक विचार आहे, लिहायला काय हरकत: मैनाचं काय होतं ते आधी बघावं. त्या पोरीच्या हाताखाली तिचंही शेवंतीसारखं झालं, तर मला अर्जात काही सिद्ध करायलाच नको. मग शरदिनी कुठल्या तोंडाने परत येते ते बघू. मग सगळा घाट बघेल, माझं खरं होतं की नाही.

१७ फेब्रुवारी
दुपारी चार वाजता शरदिनीचा फोन आला. सकाळपासून मी फोन जवळ घेऊनच बसलो होतो. तिचं नाव दिसलं. आली बातमी, असं वाटलं. एकदम ताठ बसलो. काय बोलायचं ते ठरलेलं होतं: आता पटलं ना?

ती म्हणाली, "अहो, पाचही इंजेक्शनं झाली. मुक्ता रोज तीनदा बघते, तिच्याजवळच झोपते म्हणा ना. खोकला थांबला. आज मैनाने पेंड खाल्ली आणि पोटातलं पिल्लू फिरताना हाताला लागलं. बरी झाली हो मैना."

माझ्या गोठ्यात जन्मलेली, माझ्या हातून पहिला घास खाल्लेली मैना वाचली, आणि मला जे वाटलं त्याला काय म्हणतात ते मला चांगलं कळतं. लिहितो. निराशा झाली. मी ती मेल्याच्या बातमीची वाट बघत बसलो होतो.

"ऐकताय ना?" शरदिनी विचारत होती. तिचा आवाज मऊ होता. "या की बघायला. मुक्ताच म्हणतेय, काकांना बोलवा. बोला ना काहीतरी."

मी म्हणालो, "ताप उलटेल. बघशील तू."

पलीकडे कुठेतरी मैना हंबरल्याचं ऐकू आलं, मग फोन बंद झाला.